मिडलसेक्स : न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या वाटेवरची काउंटी

पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात न्यू जर्सीतलं एखादं गाव विचारा, बहुतेक जण एडिसनचंच नाव घेतील. कुणाचा भाचा तिथे असतो, कुणाच्या लेकीनं नुकतंच शेजारच्या गावात घर घेतलेलं असतं. पण एडिसन ज्या काउंटीत मोडतं तिचं नाव मिडलसेक्स आहे, हे तिथे राहणाऱ्यांच्याही कित्येकदा ज्युरी ड्यूटीचं (कोर्टात पंच म्हणून बसण्याचं) पत्र आल्यावरच लक्षात येतं.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात, रॅरिटन नदीच्या दोन्ही अंगांना ही काउंटी पसरली आहे. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८,६३,१६२ होती. एवढी माणसं असूनही सगळे जिथे धाव घेतील असं एक मोठं शहर इथे नाही. काउंटीचं मुख्य ठाणं न्यू ब्रन्सविक, त्याची वस्ती पंचावन्न हजारांच्या आसपास. एडिसन आणि वुडब्रिज या टाउनशिप लाखाच्या वर, पण त्यांनाही ‘शहर’ म्हणवत नाही. हा प्रदेश पहिल्यापासून दुसरीकडे जाणाऱ्यांच्या वाटेवर राहिला. आधी नदी, मग कालवा, मग रेल्वे, मग हायवे. प्रत्येक वाटेनं नवी माणसं आणली, आणि जो तो जिथे उतरला तिथेच आपलं गाव, आपली शाळा, आपलं देऊळ-चर्च मांडून बसला. मिडलसेक्स समजून घ्यायची तर या वाटांच्या मागोमाग जावं.

कारभार कुणाचा?

आधी काउंटी म्हणजे काय ते बघू. नकाशावर ती आपल्या जिल्ह्यासारखी दिसते, पण तिला कलेक्टर नसतो. लोकांनी निवडून दिलेलं सात कमिशनरांचं मंडळ कारभार बघतं. २०२० पर्यंत त्यांना ‘फ्रीहोल्डर’ म्हणत. जमीनमालकालाच या पदावर बसता येई, त्या काळातलं ते नाव २०२१ पासून न्यू जर्सीनं बदललं. मंडळाच्या हाती काउंटीचे रस्ते, उद्यानं, तुरुंग, काउंटी कॉलेज, व्होकेशनल शाळा, सार्वजनिक आरोग्य अशी खाती असतात.

रोजच्या जगण्यावर खरा अंमल मात्र त्याखालच्या पायरीचा. मिडलसेक्समध्ये २५ नगरपालिका आहेत. कुणी टाउनशिप, कुणी बरो, कुणी सिटी. प्रत्येकीचं कौन्सिल, पोलीस आणि कचऱ्याचं वेळापत्रक वेगळं. आपल्याकडून मुलाकडे आलेले आईवडील सकाळी फिरायला निघतात आणि नकळत तिसऱ्याच नगरपालिकेत पोचतात. सगळ्यात मजेशीर प्रकार मटचनचा. थालीपिठाच्या मधल्या भोकासारखं हे छोटं गाव चहूबाजूंनी एडिसननं वेढलेलं आहे, आणि तरी त्याचा मेयर वेगळा, शाळा वेगळ्या.

असं झालं कसं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू जर्सीत मोठ्या टाउनशिपमधून फुटून वेगळी बरो काढणं फार सोपं होतं. रेल्वे स्टेशनाभोवती वस्ती वाढली की तिथल्या लोकांना फुटपाथ, दिवे, चांगली शाळा हवी असे. भोवतालच्या शेतकऱ्यांना त्यासाठी कर द्यायचा नसे. मग फारकत. आजचं एडिसन तेव्हा रॅरिटन टाउनशिप होतं. त्यातून १९०० साली मटचन आणि १९०५ मध्ये हायलँड पार्क बाहेर पडलं. पिस्कॅटवेतून डनेलन फुटलं, आणि पुढे आणखी एक तुकडा निघाला त्याचं नाव ठेवलं मिडलसेक्स. म्हणजे मिडलसेक्स काउंटीत मिडलसेक्स नावाचं एक गावही आहे. नव्या माणसाचं डोकं फिरवायला एवढं पुरे.

यात भर पोस्टाच्या पत्त्यांची. आयझलिन, कलोनिया, फोर्ड्‌स ही नावं पत्त्यावर येतात, पण त्यांना नगरपालिका नाही, ती वुडब्रिज टाउनशिपमध्ये मोडतात. प्लेन्सबरोतल्या काही घरांच्या पत्त्यावर ‘प्रिन्स्टन’ असतं, प्रत्यक्षात प्रिन्स्टन शेजारच्या मर्सर काउंटीत आहे. घर घेताना पत्त्यावर विसंबू नये असं तिथली जुनी मंडळी सांगतात ती उगाच नाही, कारण मूल कुठल्या शाळेत जाणार हे पत्त्यानं ठरत नाही, हद्दीनं ठरतं.

शाळा म्हटलं की कर आलाच. घरावरचा प्रॉपर्टी टॅक्स अमेरिकेत सर्वांत जड जिथे आहे, त्यात न्यू जर्सी अग्रभागी. बिल एकच येतं, पण त्याचे मुख्य वाटे तीन पडतात: नगरपालिका, काउंटी आणि शाळा. शाळेचा वाटा साधारण निम्मा. शाळांचं मंडळ मेयरच्या हाताखाली नसतं, ते स्वतंत्र असतं आणि बहुतेक ठिकाणी लोक त्याला थेट निवडून देतात. त्यामुळे चांगली शाळा, म्हणून घराला मागणी, म्हणून भाव, म्हणून जास्त कर, म्हणून पुन्हा शाळेला पैसा, असं चक्र फिरत राहतं. उत्तर एडिसनमधल्या घरांविषयी बोलताना आपले लोक खोल्यांच्या आधी हायस्कूलचं नाव घेतात ते यामुळेच. या व्यवस्थेनं शाळा चांगल्या ठेवल्या हे खरं, आणि ज्यांना ते घर परवडत नाही त्यांना सभ्यपणे हद्दीबाहेर ठेवलं हेही तितकंच खरं.

बाप एकीकडे, मुलगा दुसरीकडे

युरोपियन येण्याआधी इथे लेनापे लोक राहत. रॅरिटन हे नाव त्यांच्यातल्याच एका गटावरून आलं. १६६४ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख डचांकडून घेतला आणि न्यू इंग्लंडमधून वसाहतवाले खाली सरकले. वुडब्रिजला १६६९ मध्ये सनद मिळाली, आणि १६८३ मध्ये मिडलसेक्स काउंटी अस्तित्वात आली. ईस्ट जर्सीची राजधानी पर्थ अँबॉय होती, रॅरिटन जिथे समुद्राला मिळते तिथे.

पर्थ अँबॉयला आज मुद्दाम जाणारे कमीच. पण तिथे प्रोप्रायटरी हाउस नावाचा जुना वाडा आहे, १७६० च्या दशकात बांधलेला. तिथे न्यू जर्सीचा शेवटचा शाही गव्हर्नर राहत असे. त्याचं नाव विल्यम फ्रँकलिन, म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. बाप स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या समितीत, मुलगा इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ. जून १७७६ मध्ये क्रांतिकारकांनी विल्यमला अटक केली आणि कनेटिकटला नेऊन ठेवलं.

त्याच सप्टेंबरात ब्रिटिशांशी तहाची बोलणी करायला बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन अ‍ॅडम्स स्टेटन आयलंडला निघाले. वाटेत न्यू ब्रन्सविकला मुक्काम पडला. गर्दी इतकी की दोघांना मिळून एकच खोली आणि एकच पलंग. अ‍ॅडम्सनं रात्रीच्या हवेच्या भीतीनं खिडकी लावली. फ्रँकलिन म्हणाला, उघडी ठेव, बंद हवेनं माणूस आजारी पडतो, आणि सर्दीवर त्यानं असं काही व्याख्यान सुरू केलं की ऐकता ऐकता अ‍ॅडम्सला झोप लागली. हा प्रसंग अ‍ॅडम्सनंच लिहून ठेवला आहे. दुसरा टप्पा पर्थ अँबॉय, तिथून होडीनं पलीकडे. मुलाला जिथे पकडलं त्याच गावातून बाप गेला. बोलणी फिसकटली. बापलेकांचं पुढे कधी नीट जमलं नाही.

ज्या खाणावळीत ते झोपले ती हीच, असं म्हणून एक जुनी इमारत आज पिस्कॅटवेच्या जॉन्सन पार्कमध्ये दाखवतात. काउंटीनं तिथे ‘ईस्ट जर्सी ओल्ड टाउन’ नावाचं छोटं गावच वसवलंय. ठिकठिकाणच्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इमारती तिथे हलवून आणल्या, काही जुन्या धर्तीवर नव्यानं उभारल्या. मुलांना घेऊन जायला झकास जागा आहे.

पर्थ अँबॉयचं आणखी एक देणं. वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असं सांगणारी अमेरिकन राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती ३० मार्च १८७० रोजी लागू झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी पर्थ अँबॉयमध्ये शहराच्या सनदेवर मतदान होतं. थॉमस मंडी पीटरसन हा कृष्णवर्णीय माणूस जाऊन मत देऊन आला. या दुरुस्तीखाली मत देणारा तो पहिला कृष्णवर्णीय मानला जातो. प्रश्न देशाचा होता, मत पडलं गावच्या सनदेवर.

एका फसलेल्या वसाहतीत लागलेला दिवा

१८३४ मध्ये डेलावेअर-रॅरिटन कालवा सुरू झाला. हातानं खणलेला, मजूर मुख्यतः आयरिश. पेनसिल्वेनियाचा कोळसा या कालव्यातून न्यू ब्रन्सविकमार्गे न्यूयॉर्ककडे जाई. १९३२ मध्ये तो बंद झाला. आता तो लांबलचक स्टेट पार्क आहे, आणि होड्या ओढणारे प्राणी ज्या वाटेनं चालत तिथे लोक सायकली चालवतात. दरम्यान रेल्वे आली होती, आणि वुडब्रिज, पर्थ अँबॉय, सेरव्हिल इथली चिकणमाती विटा-टेराकोटा होऊन न्यूयॉर्कच्या इमारतींवर चढत होती.

याच रेल्वेच्या कडेला मेन्लो पार्क नावाची वसाहत कुणीतरी आखली होती. प्लॉट पाडले, पण घरं खपली नाहीत. १८७६ मध्ये थॉमस एडिसन इथे आला तो प्रसन्न निसर्ग बघून नव्हे. जमीन स्वस्त होती आणि न्यूयॉर्कला जाणारी गाडी दारात होती. शोध लावणं हेच ज्या जागेचं काम, तिथे सुतार, काचकाम करणारे, यंत्रकार, गणिती पगारावर ठेवले आहेत, अशी प्रयोगशाळा त्यानं उभी केली. त्याचा सगळ्यात मोठा शोध हीच कामाची पद्धत होती, असं मला वाटतं. १८७७ मध्ये फोनोग्राफ झाला. १८७९ मध्ये टिकाऊ विजेचा दिवा जमला, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री तो बघायला लोटलेल्या गर्दीसाठी रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या.

आज तिथे गेलात तर प्रयोगशाळा दिसणार नाही. एडिसन पुढे वेस्ट ऑरेंजला गेला, इमारती मोडकळीला आल्या, आणि हेन्री फोर्डनं उरलंसुरलं सामान, अगदी तिथली माती गाड्या भरभरून मिशिगनला नेऊन तिथे प्रतिकृती उभारली. मूळ जागी १९३८ चा १३१ फुटी मनोरा आहे, त्याच्या डोक्यावर भलामोठा काचेचा दिवा, आणि शेजारी जेमतेम दोन खोल्यांचं म्यूझियम. भव्य काही बघायच्या आशेनं जाल तर हिरमुसाल. तासभर काढून, तिथल्या स्वयंसेवकाला फोनोग्राफ वाजवून दाखवायला सांगाल तर खूश व्हाल.

रॅरिटन टाउनशिपनं एडिसनचं नाव घेतलं ते पार १९५४ मध्ये, मतदान घेऊन. तोवर तिथे वेगळीच धांदल सुरू झाली होती.

हायवे, आणि त्याची किंमत

अमेरिकेतला पहिला क्लोव्हरलीफ, म्हणजे सिग्नलशिवाय दोन हायवे एकमेकांवरून नेणारा चार पाकळ्यांचा चौक, १९२९ मध्ये वुडब्रिजला झाला. १९५१-५२ मध्ये न्यू जर्सी टर्नपाइक हा टोलचा हायवे खुला झाला, पाठोपाठ गार्डन स्टेट पार्कवे. दोन्ही वुडब्रिजमध्ये एकमेकांना छेदतात. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती, शेतं स्वस्त होती, आणि आता गाडीनं कुठूनही कुठे जाता येत होतं. एडिसनची लोकसंख्या १९५० ते १९६० या दहा वर्षांत अडीच पटीहून जास्त झाली. फोर्डचा मोटार कारखाना १९४८ पासून होताच, तिथे मस्टँग गाड्याही बनल्या. २००४ मध्ये तो बंद झाला.

वाटेवर असण्याची किंमतही काउंटीनं मोजली आहे. टर्नपाइकच्या कामासाठी वुडब्रिजला रेल्वेमार्ग तात्पुरत्या पुलावरून वळवला होता. ६ फेब्रुवारी १९५१ च्या संध्याकाळी नोकरदारांनी खच्चून भरलेली गाडी तिथे वेगात आली आणि रुळांवरून घसरली. ऐंशीहून जास्त माणसं मेली. त्याआधीच्या वर्षी साउथ अँबॉयच्या धक्क्यावर पाकिस्तानला जायचे भूसुरुंग चढवताना स्फोट होऊन ३१ जणांचा जीव गेला होता. १९९४ मध्ये एडिसनच्या जमिनीखालून जाणारी गॅसची पाइपलाइन रात्री फुटली आणि शेजारच्या अपार्टमेंट संकुलाच्या इमारती जळून गेल्या. यातलं काहीच या गावांसाठी नव्हतं. सगळं इथून पुढे चाललं होतं.

आपली माणसं कशी आली

एडिसनमध्ये भारतीय का, याला एक कारण नाही. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं अमेरिकेची दारं आशियातल्या शिकलेल्या लोकांना उघडली. सुरुवातीचे डॉक्टर-इंजिनियर न्यूयॉर्क, जर्सी सिटीत राहिले, मग मुलांसाठी शाळा शोधत बाहेर सरकले. मिडलसेक्समध्ये औषध कंपन्या होत्या (जॉन्सन अँड जॉन्सन न्यू ब्रन्सविकची, १८८६ पासून), टेलिफोन कंपन्यांच्या प्रयोगशाळा होत्या, आयझलिनला १९७१ पासून मेट्रोपार्क स्टेशन होतं, आणि नुकत्याच आलेल्यांना परवडतील अशी दुमजली भाड्याची संकुलं होती. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवाले आले, आणि मग ओघच लागला. आज एडिसनच्या लोकसंख्येत निम्म्याच्या आसपास आशियाई आहेत, त्यांत भारतीय सर्वाधिक.

ओक ट्री रोडची मरगळलेली दुकानं भारतीयांनी नव्वदच्या सुमारास घ्यायला सुरुवात केली. रस्ता एडिसन आणि आयझलिन दोन्हींतून जातो. आज शनिवारी दुपारी तिथे पार्किंग मिळणं हेच पुण्य. दागिने, साड्या, चाट, टॅक्स भरून देणारे, भुवया कोरणारे, ताजी मेथी, आणि किराण्याच्या दुकानात ‘चितळे’ची बाकरवडी. मराठी माणूस इथे गुजराती आणि तेलुगू मंडळींपेक्षा संख्येनं कमी, पण आवाज आहे. ‘मराठी विश्व’सारखी संस्था आहे, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आहेत, उन्हाळ्यात मुंबई-पुण्याची नाटकं येतात. गणपती तिथीला घरी बसतो, सार्वजनिक मात्र सोयीच्या शनिवारी, एखाद्या शाळेचं सभागृह भाड्यानं घेऊन. ढोल-ताशा असतो. जेवणाच्या रांगेत मसालेभात संपल्याची कुजबुजही असते.

हे सगळं गोडीगुलाबीनं झालेलं नाही. सुरुवातीला दुकानांच्या काचा फुटल्या. नव्वदच्या दशकात गरब्याच्या वेळेवर टाउनशिपनं बंधनं आणली तेव्हा आयोजक कोर्टात गेले. २०२२ च्या जानेवारीत सॅम जोशी हे एडिसनचे पहिले भारतीय वंशाचे मेयर झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमधल्या भारतदिनाच्या मिरवणुकीत बुलडोझर निघाल्यानं मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला, आयोजकांना माफी मागावी लागली. तिकडची भांडणं विमानातून बरोबर येतात. त्यावर तिथेच, तिथल्या नियमांनी चर्चा झाली हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि काउंटी म्हणजे फक्त आपण नाही. १९५६ च्या उठावानंतर पळालेले हजारो हंगेरियन एडिसन-पिस्कॅटवेच्या कॅम्प किल्मर या लष्करी तळावर उतरले होते. न्यू ब्रन्सविकमध्ये हंगेरियन वस्ती त्याआधीपासून होती. आज तिथे मेक्सिकोच्या ओआहाकाचे लोक आहेत, पर्थ अँबॉयमध्ये डोमिनिकन आणि पोर्तो रिकोचे, साउथ रिव्हरला पोर्तुगीज-ब्राझिलियन, हायलँड पार्कला सनातनी ज्यू. मन्रोत पंचावन्न वर्षांवरच्यांच्या बंदिस्त वसाहती आहेत, तिथे आता भारतीय आजी-आजोबाही दिसतात.

त्या आजी-आजोबांचं दुखणं एकच: गाडी चालवता येत नसेल तर पाय तोडल्यासारखं होतं. मग आधार उरतो ग्रंथालयाचा आणि उद्यानांचा. एडिसनच्या रुझवेल्ट पार्कमध्ये सकाळी तळ्याभोवती चकरा मारताना चार भाषांतलं गुडघेदुखीचं संभाषण ऐकू येतं.

बघण्यासारखं आणखी बरंच आहे. रट्गर्स विद्यापीठ १७६६ चं. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी त्यांनी प्रिन्स्टनला ६-४ नं हरवलं, तो अमेरिकन फुटबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना धरतात. एका बाजूला पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळायला बंदी होती. विद्यापीठाच्या झिमर्ली म्यूझियममध्ये सोव्हिएत सरकारला न जुमानणाऱ्या चित्रकारांचा मोठा संग्रह आहे, तो चुकवू नका. ओल्ड ब्रिजला चीझक्वेक स्टेट पार्क. प्लेन्सबरोत १९३० मध्ये फिरत्या चकतीवर एकाच वेळी पन्नास गायींचं दूध काढणारं यंत्र बसवलं होतं. जाहिरातीत गाजलेली एल्सी गाय तिथेच पुरली आहे.

शेतं मात्र झपाट्यानं जात आहेत. टर्नपाइकच्या ८-ए एक्झिटजवळ, साउथ ब्रन्सविक, क्रॅनबरी आणि मन्रोच्या बाजूला, बटाट्याच्या शेतांवर लांबच लांब गोदामं उभी राहिली आहेत. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्हीकडे माल पोचवायला यापेक्षा सोयीची जागा नाही. गावांना त्यातून कर मिळतो, रहिवाशांना रात्रभर ट्रक मिळतात. २०१२ च्या सँडी वादळानंतर सेरव्हिल, साउथ रिव्हर, वुडब्रिजच्या सखल भागातली घरं सरकारनं विकत घेऊन पाडली, त्यामुळे उंचावरच्या मोकळ्या जमिनीवर डोळा आणखी वाढला. गोदामाचा प्रत्येक नवा अर्ज त्या त्या टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डापुढे येतो. बैठक संध्याकाळी असते, कुणालाही जाता येतं, आणि सुनावणीत रहिवाशाला उभं राहून प्रश्न विचारता येतो. अलीकडे त्या रांगेत भारतीय नावंही बरीच ऐकू येऊ लागली आहेत.